लस टोचण्याआधी जंतांचा बंदोबस्त करा

आंत्रविषाराची लस टोचूनही शेळ्या दगावल्या की पशुपालक बंधू लसीला बोल लावतात. लस थंड न ठेवल्यास बिघडते हे खरे. पण शेळीच्या पोटातील जंतांकडेही पाहावे.

शेळ्या-मेंढ्यांच्या चौथ्या पोटात हिमोंकस हा जंत राहतो. एक जंत दिवसाला सुमारे 0.05 मि.लि. रक्त शोषतो, म्हणजे हजार जंत असल्यास रोज 50 मि.लि. रक्त गेले! रक्ताबरोबर प्रथिनेही जातात आणि लसीमुळे तयार होणारी प्रतिपिंडे प्रथिनांचीच असतात. शिवाय जंत दीर्घकाळ टिकण्यासाठी जनावराची प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. ती जंतांशी लढण्याकडे झुकली की क्षयासारख्या, पेशीत लपणाऱ्या जंतूंपुढे दुबळी पडते.

क्षयाची कातडीवरील चाचणी याच प्रतिकारशक्तीवर चालते. इंग्लंड व वेल्समधील दुभत्या गाईंवरील संशोधन 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. यकृतकृमी जास्त असलेल्या कळपांत क्षय कमी सापडत होता, कारण कृमींमुळे चाचणीच फसत होती. अशी रोगी गाय निरोगी ठरून गोठ्यातच राहते. आपल्याकडेही भातखाचरे व तळ्याकाठी चरणाऱ्या जनावरांत यकृतकृमी आढळतात.

म्हणून लसीच्या निदान दोन आठवडे अगोदर लेंड्या किंवा शेण पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या. औषध वजनाप्रमाणेच द्यावे. अपुऱ्या मात्रेने तणे तणनाशकाला दाद देईनाशी होतात, हा आम्हा पीकवाल्यांचा अनुभव. जंतांचेही तसेच आहे. हिमोंकसवरील प्रत्येक औषध यकृतकृमीवर चालत नाही, तेव्हा दुकानात नुसते ‘जंताचे औषध’ मागू नका.