संगणक प्रणालींची जोडणी : आधी नियोजन, मग सॉफ्टवेअर



जनरल रजिस्टरमध्ये मुलाचं नाव एक, आधारवर स्पेलिंग वेगळं आणि यू-डायसवर तिसरंच! हा 'मिसमॅच' निस्तरताना आपण सगळेच दमलो आहोत. मूल वर्गात समोर बसलेलं असतं, पण संगणकाला ते ओळखता येत नाही आणि त्याचा परिणाम थेट संचमान्यतेवर होतो. नेमकी हीच अडचण व्यवसायात आली की पैसे बुडतात, गिऱ्हाईक तुटतं. म्हणून आज हा विषय समजून घेऊ या.

जोडणी म्हणजे काय?

समजा, मोहने गावात एक हार्डवेअरचं दुकान आहे. बिल संगणकावर होतं, गोदामातल्या मालाची नोंद वहीत असते, यूपीआयचे पैसे मोबाइलवर दिसतात आणि जीएसटीचं काम कल्याणचा अकाउंटंट बघतो. चारही कामं चालू आहेत, पण एकाला दुसऱ्याची खबर नाही. वही बघून मालक फोनवर सांगतो, "रंगाचा डबा आहे, या." गिऱ्हाईक टिटवाळ्याहून येतं, तर डबा कालच विकला गेलेला! एखादं बिल जीएसटी पोर्टलवर चढायचं राहिलं, तर माल घेणाऱ्या कंत्राटदाराचं टॅक्स क्रेडिट अडतं. तो पुढच्या वेळी दुसरं दुकान शोधतो.

एकदा नोंदवलेली माहिती जिथे जिथे लागते तिथे आपोआप आणि एकसारखी पोहोचणं, याला प्रणालींची जोडणी म्हणतात.

आपल्या कल्याण-डोंबिवली महापालिकेचं उदाहरण बघा. ई-गव्हर्नन्समध्ये ती राज्यात सुरुवातीच्या महापालिकांपैकी एक. नागरी सुविधा केंद्रामुळे मालमत्ता कर, पाणीपट्टी, जन्म-मृत्यूचे दाखले अशा कामांसाठी वेगवेगळ्या खात्यांचे उंबरठे झिजवण्याची गरज कमी झाली. पुढे राज्य शासनाने हाच नमुना इतर शहरांसाठी घेतला. खिडकी एक झालेली आपल्याला दिसते, पण त्यासाठी आतली खाती जोडावी लागतात.

घाई केली की काय होतं?

2017 मध्ये मुंबई विद्यापीठाने उन्हाळी परीक्षांच्या सुमारे 17 लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. कल्पना वाईट नव्हती. पण स्कॅनिंग, बारकोड, प्राध्यापकांचं प्रशिक्षण आणि निकाल हे सगळं एकाच हंगामात, एकदम बदललं. निकाल महिनोन्‌महिने रखडले, काही उत्तरपत्रिका सापडेनात, मुलांचे पुढचे प्रवेश अडकले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. एप्रिल 2018 मध्ये ब्रिटनच्या टीएसबी बँकेने सुमारे 52 लाख ग्राहकांची खाती एका शनिवार-रविवारी नव्या प्रणालीवर हलवली. त्यानंतर कित्येकांना आपलं खातंच उघडता येईना. 2022 मध्ये नियामकांनी बँकेला 4 कोटी 86 लाख पौंडांहून जास्त दंड केला.

याउलट, 1 एप्रिल 2017 रोजी पाच सहयोगी बँका स्टेट बँकेत विलीन झाल्या. विलीनीकरण एका दिवशी झालं, पण खात्यांची माहिती मात्र एकेका बँकेची, टप्प्याटप्प्याने हलवली गेली. आधीच्या टप्प्यातली चूक पुढच्या टप्प्यात सुधारता येते, हा त्याचा फायदा.

नियोजन कसं करायचं?

1. आधी यादी करा : कोणती माहिती कुठे कुठे लिहिली जाते आणि कोण लिहितं.
2. प्रत्येक माहितीचं मूळ ठिकाण एकच ठरवा. किंमत बदलायची तर तिथेच. बाकीच्यांनी ती तिथूनच घ्यायची.
3. ओळख नावावरून नको, क्रमांकावरून ठेवा. नावाचं स्पेलिंग बदलतं, क्रमांक बदलत नाही.
4. जुन्या नोंदी आधी दुरुस्त करा. चुकीची माहिती जोडली, तर चूकच सगळीकडे पसरते.
5. एका काउंटरवर प्रयोग करा. काही दिवस जुनी पद्धतही सोबत चालू ठेवा आणि दोन्हींचे आकडे ताडून बघा.
6. बिघाड झाला तर जुन्या पद्धतीवर परत कसं यायचं, ते आधीच लिहून ठेवा.
7. रोज काम करणाऱ्या माणसाला विचारा आणि शिकवा. अडचण सर्वात आधी त्यालाच कळते.

लक्षात घ्या, यातल्या पहिल्या तीन गोष्टींना वही-पेन पुरतं, एक रुपयाही लागत नाही. तरीही त्याच वगळल्या जातात आणि सॉफ्टवेअर आधी विकत घेतलं जातं.

वर्गासाठी उपक्रम

आठवी-नववीच्या मुलांना जवळच्या एखाद्या दुकानात पाठवा. एक वस्तू विकली की तिची नोंद किती ठिकाणी होते, ते विचारून चित्र काढायला सांगा. पालकांचा छोटा व्यवसाय असेल, तर हेच चित्र घरी काढून बघा. एकच गोष्ट दोन ठिकाणी हाताने लिहिली जाते, तिथे लाल खूण करा. जोडणीची सुरुवात त्या लाल खुणेपासून करायची.