रक्ताचा माग

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या आजोळी दिवाणखान्यात एक दुनळी बंदूक टांगलेली असे. तिच्याखाली मात्र, इतर वाड्यांतून दिसे तसे, एकही कातडे वा मुंडके नव्हते. संस्थानी काळात शिवपुरीचे रान हे महाराजांचे शिकारीचे रान. त्यामुळे मानकऱ्यांच्या घरी पेंढा भरलेला वाघ असणे ही प्रतिष्ठेची खूण समजली जाई. मामांना याविषयी छेडले की ते पानाचा डबा पुढे ओढीत आणि विषय बदलीत.

मी महाविद्यालयात गेल्यावर एकदा त्यांनी आपण होऊन सांगितले. वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा होण्यापूर्वीची गोष्ट. चार मित्रांसह ते रानात गेले होते. संध्याकाळी बिबळ्या दिसला, मामांनी बार टाकला, जनावर उसळले आणि झाडीत दिसेनासे झाले. बरोबरच्या सहरिया वाटाड्याने वाकून पाहिले. पानांवर रक्त होते. माग काढायला हवा, असे तो म्हणाला. परंतु अंधार पडत होता, मोटार थांबली होती, घरी पंगत खोळंबली होती. मंडळी परतली. वाटाडा मात्र बराच वेळ तेथेच उभा होता. त्या बिबळ्याचे पुढे काय झाले, हे मामांना कधीच कळले नाही.

शिकारी कोणाला म्हणावे, असा प्रश्न आला की मला ते रक्ताळलेले पान आठवते. मचाणावर बसावे, हाकाऱ्यांनी सावज समोर आणावे, आणि आपण फक्त चाप ओढावा, यात नेमबाजी असेल. मी तिला शिकार म्हणणार नाही. शिकाऱ्याची कसोटी गोळी सुटल्यानंतर लागते.

जिम कॉर्बेट यांचे लेखन ज्यांनी वाचले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. १८७५ साली नैनितालला जन्मलेल्या या गृहस्थांनी १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. नेपाळात आणि कुमाऊँत मिळून ४३६ माणसे तिच्या नावावर आहेत. ही कामगिरी पत्करताना त्यांनी सरकारला दोन अटी घातल्या: वाघिणीवरील बक्षीस रद्द करावे आणि रानातील इतर बंदूकधाऱ्यांना परत बोलवावे. बक्षिसासाठी मारणाऱ्यांत आपली गणना होऊ नये ही एक इच्छा. आणि कोणाची चुकार गोळी आपल्याला लागू नये ही दुसरी, अगदी व्यवहारी.

वाघीण पडल्यावर त्यांनी तिचे तोंड उघडून पाहिले. उजवीकडचे वरचे व खालचे दोन्ही सुळे तुटलेले. वरचा अर्धा, खालचा थेट हाडापर्यंत. जुन्या गोळीची ती जखम होती. नैसर्गिक भक्ष्य मारणे तिला जमेना, म्हणून ती माणसाकडे वळली, असा त्यांचा निष्कर्ष. कोणा अज्ञात नेमबाजाने बार टाकला आणि तो घरी गेला. त्याची किंमत डोंगरात गवत-लाकूड गोळा करणाऱ्या बायाबापड्यांनी मोजली. मुक्तेश्वरची वाघीण साळिंदराच्या काट्यांनी जायबंदी झाली होती, तेथे माणसाचा दोष नव्हता. चंपावतला तो होता.

मला कॉर्बेट यांच्या शौर्याहून त्यांचा कबुलीजबाब अधिक मोलाचा वाटतो. चंपावतला काडतुसे संपल्यावर तहसीलदारांची बंदूक घेऊन झाडलेली शेवटची गोळी वाघिणीच्या तोंडाऐवजी पंजाला लागली, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले. चौगढच्या वेळी वाघिणीऐवजी तिचे वाढलेले पिल्लू मारले गेले. त्यानंतरही माणसे बळी पडत राहिली, आणि ती चूक आपली, हेही त्यांनी लपविले नाही. आपल्याकडच्या शिकारकथांतून चुकलेला नेम क्वचितच आढळतो.

हीच चौगढची वाघीण १९३० साली अखेर समोर आली, तेव्हा त्यांच्या डाव्या हातात रातव्याची दोन अंडी होती. अवघ्या काही फुटांवर वाघीण; उजव्या हातातील रायफल त्यांनी एका हातानेच, तसूतसूने वळविली आणि गोळी झाडली. नंतर ती अंडी नेऊन पुन्हा घरट्याच्या जागी ठेवली. अंड्यांबाबत आपण थोडे अंधश्रद्ध आहोत, असेही ते मोकळेपणाने सांगतात.

रुद्रप्रयागच्या बिबळ्याने १९१८ ते १९२६ या काळात १२५ माणसे मारली. इन्फ्लुएन्झाच्या साथीत प्रेते धड न जाळता दरीत लोटावी लागली आणि बिबळ्यांना माणसाच्या मांसाची चटक लागली, अशी त्याची कारणमीमांसा कॉर्बेट करतात. अनेक रात्री जागून त्याला मारल्यावर त्यांना समोर दिसला तो राक्षस नव्हे, तर एक म्हातारे जनावर. माणसाच्या कायद्यापुढे अपराधी, निसर्गाच्या नव्हे.

शिवपुरीचे रान आज माधव राष्ट्रीय उद्यान आहे. २०२५ मध्ये ते व्याघ्र प्रकल्पही झाले. काही वर्षांपूर्वी मामांना मोटारीने तेथे नेले होते. तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. वाघ-बिबळ्या काही दिसला नाही. तळ्याकाठी मगरी उन्हात पडल्या होत्या, मुले हरखून गेली. मामा मात्र वाहनरक्षकाला विचारीत होते, इकडे जखमी जनावर सापडले तर तुम्ही काय करता? त्याने उत्तर दिले. त्यांनी ते पुन्हा एकदा, सावकाश सांगायला लावले.