ड्यूपेज परगणा
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी इलिनॉय राज्यातील, शिकागोच्या पश्चिमेकडील एक उपनगरी परगणा. लोकसंख्या ९,३२,८७७ (२०२०). व्हीटन हे त्याचे प्रशासकीय केंद्र. १८३९ मध्ये कुक परगण्यातून तो वेगळा करण्यात आला. १८४९ मध्ये लोहमार्ग येऊनही तो दीर्घकाळ शेतीप्रधानच राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारगाड्या, द्रुतगती मार्ग व सुलभ गृहकर्जे यांमुळे शिकागोतील मध्यमवर्गीय कुटुंबे येथे स्थायिक होऊ लागली. १९५० मध्ये १,५४,५९९ असलेली लोकसंख्या दहा वर्षांत ३,१३,४५९, म्हणजे दुपटीहून अधिक झाली. २००० मध्ये ती ९,०४,१६१ होती. या वाढीचा ताण भूजलावर पडला व १९९२ पासून मिशिगन सरोवराचे पाणी आणावे लागले. पुढे मोकळी जमीन संपत आल्याने वाढ मंदावली. २००० ते २०२० या काळात लोकसंख्येत केवळ सु. ३ टक्के भर पडली. लोकसंख्येची रचना मात्र पालटत राहिली. पूर्वी बहुतांशी श्वेतवर्णीय असलेल्या या परगण्यात २०१० मध्ये हिस्पॅनिकांचे प्रमाण सु. १३ टक्के व आशियाईंचे सु. १० टक्के होते. आशियाईंमध्ये भारतीय वंशाच्या रहिवाशांचा वाटा मोठा असून नेपरव्हिल परिसरात त्यांची वस्ती विशेष आढळते.