क्षुल्लक गोष्टींची एवढी चिडचिड का होते? कधी सोडून द्यावे, कधी तपासून घ्यावे

कुणी बशीतला चहा सुर्र करून ओढतो. कुणी माठ रिकामा करून तसाच ठेवतो. शेजारी मोठ्या आवाजात मोबाईलवर रील लावतो. चार्जर जागेवर सापडत नाही. यातली एकही गोष्ट मोठी नाही. तरी डोक्यात तिडीक जाते, तोंडून नको तो शब्द निघतो आणि पाच मिनिटांनी वाटते, “एवढं बोलायची गरज होती का?”

अधूनमधून असे सगळ्यांचेच होते. तो आजार नाही. पण गेल्या काही आठवड्यांत हे वाढले असेल, “त्यांच्याशी बोलायलाच नको” असे घरचे म्हणू लागले असतील, तर “स्वभावच तसा आहे” म्हणून विषय सोडू नका. चिडचिड ही तापासारखी असते. ताप हा स्वतः आजार नसतो, तो आत काहीतरी बिघडल्याची खूण असतो. चिडचिडीचेही पुष्कळदा तसेच असते.

थोडक्यात

- क्षुल्लक गोष्टीवर राग येणे सामान्य आहे. त्याचे प्रमाण अचानक वाढणे ही खूण आहे.
- अपुरी झोप, भूक, दुखणे, तंबाखू-दारूची तलफ ही नेहमीची कारणे आहेत.
- थायरॉइड, रक्तातील साखर, रक्तक्षय, काही औषधे आणि नैराश्य यांमुळेही चिडचिड वाढते. यांवर उपचार आहेत.

लहान गोष्टी एवढ्या का टोचतात?

पहिले कारण म्हणजे त्या रोज घडतात. १९८१ मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ॲलन कॅनर, रिचर्ड लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर मध्यमवयीन लोकांचा काही महिने अभ्यास केला. घरातील मृत्यू, नोकरी जाणे अशा मोठ्या घटनांपेक्षा रोजच्या बारीकसारीक कटकटींचा मानसिक त्रासाशी जास्त जवळचा संबंध त्यांना आढळला. मोठ्या संकटात माणसे धावून येतात, धीर देतात. रोजच्या कटकटीत कुणी येत नाही. ती एकट्याने गिळावी लागते आणि साठत जाते.

दुसरे कारण म्हणजे ती गोष्ट आपल्या हातात नसते. १९७० च्या सुमारास डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी काही लोकांना त्रासदायक आवाज ऐकवले. त्यातल्या काहींना आवाज बंद करण्याचे बटण दिले होते. बहुतेकांनी ते दाबलेही नाही. तरीही नंतरच्या कामात ते बटण नसलेल्यांपेक्षा कमी चुकले. आवाज तेवढाच होता, पण “वाटलं तर बंद करता येईल” एवढी खात्रीच पुरेशी ठरली.

तिसरे कारण म्हणजे पुढे काय होईल याचा अंदाज येत नाही. पूर्णा आणि नांदेडच्या मधल्या चुडाव्यासारख्या स्टेशनाजवळ राहणाऱ्या माणसाला गाडीच्या आवाजाची हळूहळू सवय होते. गाडी येते, जाते आणि त्यात कुणाचा दोष नसतो. त्याच गाडीच्या डब्यात बसल्यावर मात्र शेजाऱ्याचे फोनवरचे बोलणे असह्य होते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले, की दोन्ही बाजूंचा संवाद ऐकण्यापेक्षा एकाच बाजूचे बोलणे ऐकताना लक्ष जास्त विचलित होते. मेंदू न ऐकू येणारी बाजू ओळखत बसतो. त्यात “याला कळायला नको का?” हा विचार आला, की राग दुप्पट होतो.

कालपर्यंत चालत होते, मग आज भडका का?

ठिणगी तीच असते, पण आज गवत वाळलेले असते. म्हणून “कशाने चिडलो?” यापेक्षा “चिडलो तेव्हा माझी अवस्था काय होती?” हा प्रश्न जास्त उपयोगी आहे.

*झोप:* हे सर्वात मोठे आणि सर्वात दुर्लक्षित कारण. मेंदूतील अमिग्डाला हा भाग धोका आणि राग यांची घंटा वाजवतो आणि कपाळामागचा भाग त्याला आवर घालतो. २००७ च्या एका अभ्यासात एक रात्र जागलेल्या तरुणांना त्रासदायक चित्रे दाखवली, तेव्हा त्यांचा अमिग्डाला झोप झालेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्के जास्त उत्तेजित झाला आणि आवर घालणाऱ्या भागाशी त्याचा संपर्क सैल पडला.

आता आपल्याकडचा विचार करा. रब्बीत गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचे आणि कृषिपंपाची वीज रात्रपाळीची. शेतकरी रात्री बाराला मोटार सुरू करायला जातो, पहाटे परततो आणि सकाळी पुन्हा कामाला लागतो. चार दिवसांनी तो ताटात मीठ कमी पडले म्हणून ओरडतो. घरच्यांना दिसते ते मीठ. खरे कारण झोपेचे असते. लग्नसराईतला डीजे, उन्हाळ्यातली रात्रीची लाईट जाणे, डास आणि तान्हे बाळ यांचाही परिणाम हाच होतो.

*भूक, तहान, ऊन:* मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४० अंशांच्या वर जातो. उन्हातून आलेल्या, दुपारचे जेवण लांबलेल्या माणसाशी हिशेबाचे बोलणे काढू नका. आधी पाणी, मग जेवण, मग विषय.

*तलफ:* तंबाखू, गुटखा किंवा विडी बंद केल्यावर काही तासांतच चिडचिड सुरू होते. पहिल्या आठवड्यात ती सर्वात जास्त असते आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरते. हे माहीत नसल्याने पुष्कळ जण चौथ्या दिवशी पुन्हा पुडी उघडतात. दारू रोज घेणाऱ्याने मात्र ती एकदम स्वतःच्या मनाने बंद करू नये. हात थरथरणे, झटके येणे, भ्रम होणे असा धोका असतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी.

*सततचे दुखणे:* गुडघा, कंबर, दाढ. दुखणाऱ्या माणसाची सहनशक्ती त्या दुखण्यातच खर्च होते.

शरीरातील कोणत्या बिघाडांमुळे चिडचिड वाढते?

- थायरॉइड जास्त काम करणे: चिडचिड, छातीत धडधड, हात थरथरणे, घाम, भूक चांगली असून वजन घटणे. टीएसएच या रक्ततपासणीतून कळते.
- साखर कमी होणे: मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणारा माणूस जेवण लांबल्यावर अचानक चिडला, त्याला घाम आला, तो असंबद्ध बोलू लागला, तर वाद घालू नका. शक्य असल्यास साखर मोजा. ७० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल किंवा मोजता येत नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही घालू नका. १०८ ला फोन करा.
- रक्तक्षय आणि बी-१२ ची कमतरता: थकवा, धाप, हातापायांना मुंग्या आणि त्यासोबत किरकिर. हिमोग्लोबिन स्त्रियांत १२ आणि पुरुषांत १३ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय समजतात.
- पाळीचे चक्र: पाळीच्या आधीचे काही दिवस चिडचिड आणि पाळी आल्यावर आराम, असा क्रम दर महिन्याला दिसत असेल तर त्यावर उपचार आहेत. पाळी जाण्याच्या वयात अंग गरम होणे आणि झोपमोड यांच्याबरोबरही चिडचिड येते. बाळंतपणानंतर आलेली आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेली चिडचिड नक्की दाखवावी.
- औषधे: स्टेरॉइडच्या गोळ्या, फिट्ससाठीचे लेव्हेटिरॅसिटाम आणि आणखी काही औषधे. संशय आला तरी गोळी स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, बदल करता येतो.
- कमी ऐकू येणे: आजोबा टीव्हीचा आवाज वाढवतात, सून वैतागते, आजोबांना वाटते सगळे मुद्दाम हळू बोलतात. ऐकण्याची तपासणी केली तर दोघांची चिडचिड कमी होऊ शकते.

वयस्कर व्यक्ती एक-दोन दिवसांत अचानक चिडखोर झाली, बरळू लागली, माणसे ओळखेना, तर तो स्वभाव नव्हे. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम कमी होणे अशी कारणे असू शकतात. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

नैराश्य चिडचिडीच्या रूपातही येते

नैराश्य म्हटले की कोपऱ्यात बसून रडणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. पण पुष्कळ जणांत, विशेषतः पुरुषांत, ते रागाच्या रूपात दिसते. लहान व किशोरवयीन मुलांत तर चिडचिडेपणा हे नैराश्याच्या निदानातले मुख्य लक्षण मानले जाते. रडणाऱ्याला आधार मिळतो, चिडणाऱ्यापासून लोक दूर जातात. म्हणून हे नैराश्य उशिरा सापडते.

स्वतःला दोन प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत निम्म्याहून जास्त दिवस

1. नेहमीच्या गोष्टींत रस किंवा आनंद वाटेनासा झाला आहे का?
2. मन उदास, निराश वाटते आहे का?

एकाचेही उत्तर “हो” असेल, तर डॉक्टरांना भेटा. सोबत झोप उडणे, भूक जाणे, कर्जाचा किंवा नापिकीचा घोर, “माझ्यामुळेच सगळ्यांना त्रास” अशी भाषा असेल, तर उशीर नको.

जगण्याचा कंटाळा आल्याचे कुणी बोलले, तर थेट विचारा, “जीव द्यायचे विचार येतात का?” विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या व्यक्तीला एकटे सोडू नका. शेतीघरात आणखी एक काम त्याच दिवशी करा. कीटकनाशकांचे डबे कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. संकटाचा क्षण टळला, की उपचाराला वेळ मिळतो.

ठरावीक आवाजच सहन होत नाहीत, तो वेडेपणा का?

नाही. चघळण्याचा, नाक ओढण्याचा, पेन टकटक करण्याचा आवाज ऐकताच काहींना संताप येतो, छाती धडधडते आणि तिथून उठून जावेसे वाटते. याला मिसोफोनिया म्हणतात. हे नाव २००१ मध्ये पडले. जेवताना मागे हळू गाणी किंवा पंखा सुरू ठेवणे, बसायची जागा बदलणे, घरच्यांना शांत वेळी सांगून ठेवणे यांचा उपयोग होतो. त्रासामुळे एकत्र जेवणे बंद झाले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

घरी काय करता येईल?

1. आठ दिवसांची नोंद ठेवा. कधी चिडलात, आदल्या रात्री किती तास झोपलात, शेवटचे कधी खाल्ले होते. वहीच्या एका पानावर तीनच गोष्टी लिहा. बहुतेकांना स्वतःच ठेका सापडतो. डॉक्टरांनाही हे पान उपयोगी पडते.
2. एक तरी गोष्ट हातात घ्या. गळणाऱ्या नळाचा वायसर बदला, चार्जरला खिळा ठोका, माठ भरण्याची पाळी ठरवा. सहन करण्यात जेवढी ताकद जाते, त्यापेक्षा कमी ताकद दुरुस्तीत जाते.
3. झोपेची परतफेड करा. रात्री पाणी द्यायला जावे लागले, तर दुपारी दीड तास झोपणे हा आळस नव्हे. संध्याकाळनंतर चहा टाळा.
4. राग आल्यावर शरीर थंड करा. ओरडून, आदळआपट करून राग निघून जातो हा समज चुकीचा आहे. २०२४ मध्ये १५४ अभ्यासांच्या आढाव्यात असे दिसले, की मनातले भडाभडा बाहेर काढल्याने राग कमी होत नाही, सावकाश श्वास, ध्यान, शिथिलीकरण यांनी होतो. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या, असे दहा वेळा करा.
5. सांगायचे ते शांत वेळी सांगा. “तुला कधी अक्कल येणार” असे म्हणण्यापेक्षा “रात्री दहानंतर मोबाईलचा आवाज बंद ठेवशील का, मला झोप येत नाही” असे सांगा. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकरला कायद्याने बंदी आहे. त्याची तक्रार ११२ वर करता येते.

घरच्यांसाठी

चिडलेल्या माणसाशी त्याच क्षणी खरे-खोटे करू नका. दुसऱ्या दिवशी विचारा, “अलीकडे झोप लागत नाही का? कसला घोर आहे का?” मात्र चिडचिडीच्या नावाखाली मारहाण किंवा शिवीगाळ सहन करायची नसते. आजार हे कारण असू शकते, परवाना नाही. महिलांसाठी १८१ ही मदतवाहिनी आहे.

कुठे दाखवावे?

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांपासून करा. हिमोग्लोबिन, साखर आणि टीएसएच या साध्या तपासण्या आहेत. मानसोपचारतज्ज्ञांसाठी चुडावा परिसरातील लोकांना परभणीचे जिल्हा रुग्णालय किंवा नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठता येते. प्रवास जमत नसेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस या सेवेला १४४१६ वर फोन करा. ही सेवा २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येते.

डॉक्टरांना सांगताना “राग येतो” एवढेच सांगू नका. “दोन महिन्यांपासून येतो, पूर्वी येत नव्हता” असे सांगा. निदानाला खरी मदत या दुसऱ्या वाक्याची होते.