थिब्याची टेकडी, गावाची बाग

रत्नागिरीत मोठं उद्यान मुद्दाम आखण्याची निकड फारशी कुणाला भासली नसावी. मांडवीचा धक्का आणि भाट्याची पुळण पायाशी असताना बाग हवी कशाला? तरी गावाला टेकडीवर फिरायची जागा मिळाली, आणि तिला नाव लाभलं एका परक्या राजाचं.

नोव्हेंबर 1885 मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला मंडालेहून उचललं. मद्रासमार्गे 1886 साली त्याला रत्नागिरीत आणलं. पाठीशी सह्याद्री, रेल्वे नाही, पावसाळ्यात बोटी बंद. राजकैद्यासाठी याहून अडगळीची जागा कुठली? दोन तपं इतर बंगल्यांत काढल्यावर 1910 मध्ये तो टेकडीवरच्या नव्या राजवाड्यात गेला. तिथून तो दुर्बिणीने बोटी न्याहाळायचा, असं सांगतात. 1916 साली तो इथेच वारला. तीन वर्षांनी राणी सुपयालत मायदेशी परतली आणि राजवाडा सरकारजमा झाला.

पुढे आजूबाजूला वसाहती उठल्या, ‘थिबा पॅलेस रोड’ हा पोस्टाचा पत्ता झाला. कड्यावरचा पट्टा मात्र मोकळा राहिला. तिथे जिजामाता उद्यान झालं. लोकांच्या तोंडी ते ‘थिबा पॉइंट’च. राजवाड्यात संग्रहालय आलं, आवारात संगीताच्या मैफली रंगू लागल्या. 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, गावाचं अडगळीपण सरलं आणि पर्यटकांची वर्दळ वाढली. 2012 मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन राजाच्या समाधीला वंदन करून गेले.

संध्याकाळी कठड्याशी उभं राहिलं की खाली काजळी नदी भाट्याच्या खाडीत शिरताना दिसते. राजिवड्याच्या होड्या मुखाकडे सरकतात, पुलावर गाड्यांचे दिवे लागतात. निवृत्त मास्तर, क्लास सुटलेली पोरं, नुकतं लग्न ठरलेली जोडपी, सगळ्यांना हा कठडा पुरतो. वाळूवर पाय रुतणाऱ्या म्हाताऱ्यांना तर समुद्र बघायला हीच जागा सोयीची.

पहारा ठेवायला सोयीचं गाव म्हणून सरकारने राजाला इथे ठेवलं. ज्या टेकडीवरून तो एकटा समुद्र बघायचा, तिथून आता अख्खं गाव बघतं. गुंठ्याचा भाव रोज चढत असताना हा पट्टा असाच मोकळा ठेवणं, हे नगरपालिकेपेक्षाही रोज तिथे येणाऱ्यांनी मनावर घ्यायचं काम आहे.