पाण्याच्या वाटेनें तीन सहली

मनमाडहून जालन्याकडे जाणाऱ्या आगगाडीनें छत्रपती संभाजीनगर सोडलें, कीं थोड्याच वेळांत एक लहानसें स्टेशन लागतें. त्याचें नांव मुकुंदवाडी. एके काळचें हें खेडें आतां शहराच्या पोटांत गेलें आहे. जालना रस्ता, चिकलठाण्याचा विमानतळ आणि लोहमार्ग यांच्या चिमटींत तें सांपडलें आहे. पाहण्यासाठीं म्हणून येथें कोणी प्रवासी उतरत नाहीं. गेल्या मार्गशीर्षांत आमची धाकटी बहीण पुण्याहून मुलासह राहावयास आली, तेव्हां तिनें पहिल्याच दिवशीं विचारलें, "दादा, वेरूळ-अजिंठा सर्वांना ठाऊक आहे, पण तुमच्या मुकुंदवाडीला स्वतःचें असें काय आहे?"

प्रश्न थोडासा टोचला, हें कबूल केलें पाहिजे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं भाचा न्हाणीघरांत नळ सोडून निवांतपणें दांत घाशीत होता. आमच्या आईनें मुकाट्यानें नळ बंद केला आणि ती म्हणाली, "बाळ, येथें पाणी रोज येत नाहीं हो."

"पण आजी, तें येतें कोठून?"

आईला सांगतां येईना. खरें म्हणजे आम्हां कोणालाच नीट सांगतां येईना. या मुलाच्या प्रश्नाचेंच बोट धरून आम्हीं तीन सहली केल्या, त्यांची ही हकीकत.

पहिली सहल शहरांतलीच. धपाटे व दह्याचा डबा बरोबर घेऊन पहांटे निघालों आणि उजाडण्याच्या सुमारास उत्तरेकडील डोंगरांतील औरंगाबाद लेण्यांपाशीं पोंचलों. हीं बारा बौद्ध लेणीं बहुतांशीं सहाव्या-सातव्या शतकांतील. वेरूळच्या कीर्तीमुळें इकडे गर्दी फिरकत नाहीं, हा पाहणाऱ्याचा लाभच समजावा. तिसऱ्या लेण्याच्या गाभाऱ्यांत बुद्धमूर्तीपुढें स्त्रीपुरुष भक्त हात जोडून बसलेले कोरले आहेत. अंधुक उजेडांत आपणही त्यांच्या मागल्या रांगेंत बसल्यासारखें वाटतें. सातव्या लेण्यांत मध्यें नर्तकी व भोंवतीं वादक स्त्रिया आहेत. तेथून बहिणीचा पाय निघेना.

डोंगर उतरून बीबीच्या मकबऱ्यांत गेलों. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिची ही सतराव्या शतकांतील कबर ताजमहालाची नक्कल म्हणून हिणविण्याची चाल पडली आहे. संगमरवर येथें थोडा, चुन्याची घोटाई फार, हें खरें. परंतु दारावर अताउल्ला व हंसपतराय या बांधणाऱ्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत, हें किती जण वाचतात? मधल्या वाटेवरील कारंज्यांचे हौद पाहून भाच्यानें पुन्हा तोच प्रश्न केला, "मामा, येथें पाणी कोठून येई?"

त्याचें उत्तर पाणचक्कीवर मिळालें. मलिक अंबरानें इ. स. १६१० मध्यें खडकी हें नगर वसविलें, तेंच पुढें औरंगाबाद झालें. या कोरड्या मुलखांत नगर वसवावयाचें तर आधीं पाणी पाहिजे, हें त्या दूरदृष्टीच्या पुरुषानें ओळखलें आणि उत्तरेच्या डोंगरांतून जमिनीखालून नहर आणली. त्याच धर्तीवर पुढें आणखी नहरी झाल्या. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यांतील पाणचक्की अशाच एका नहरीवर चाले. दूर डोंगरांत धरलेलें पाणी मातीच्या नळांतून येतें, आपल्याच दाबानें उंच भिंतीवर चढतें आणि तेथून धारेनें हौदांत कोसळतें. त्या जोरावर जातें फिरे आणि यात्रेकरू व फकीर यांच्यासाठीं दळण निघे. हौदाचा तळ हेंच खालच्या दालनाचें छप्पर आहे, हें कळल्यावर भाचा तीन वेळां वरखालीं पळाला. ना इंजिन, ना वीज. केवळ उताराचा हिशेब.

दुसरी सहल देवगिरीची. भिल्लम यादवानें बाराव्या शतकांत येथें राजधानी केली, इ. स. १२९६ मध्यें अल्लाउद्दीन खिलजी चालून आला. १३२७ मध्यें महंमद तुघलकानें दिल्लीची राजधानी येथें हलवून दौलताबाद नांव दिलें. खडक उभा तासून केलेला कडा, खंदकावरील अरुंद पूल आणि अंधारी हे सर्व प्रवाशांच्या तोंडीं असतात. आम्ही मात्र आधीं हत्ती तलावाच्या कांठीं बसलों. वेढा पडल्यावर किल्ला तोफांपेक्षां अन्नपाण्यावर तगतो, हें तो चौकोनी दगडी तलाव पाहून उमगतें. रामदेवरायाच्या वेळीं धान्याचीं म्हणून गडावर चढविलेलीं पोतीं मिठाचीं निघालीं, अशी कथा प्रसिद्धच आहे. पुढें जनार्दनस्वामींच्या स्थानापाशीं आईनें डोकें टेकलें. पैठणचा कोवळा एकनाथ गुरुसेवेसाठीं याच गडावर राहिला. आई साठीच्या घरांतली. तरी ती शेवटपर्यंत चढली, आणि आम्हांलाच धाप लागली.

तिसरी सहल वेरुळाची. तिला पुरा दिवस द्यावा, व मंगळवारीं लेणीं बंद असतात हें विसरूं नये. बारा बौद्ध, सतरा हिंदु व पांच जैन मिळून चौतीस लेणीं एका दमांत पाहण्याचा अट्टाहास करूं नये. राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळीं, आठव्या शतकांत, वरून खालीं कोरीत आणलेलें कैलास लेणें सर्वजण पाहतात. परंतु त्याच्या चौकांत डाव्या हाताला गंगा, यमुना व सरस्वती यांचें जें लहानसें देवालय आहे, तेथें क्षणभर उभें राहावें. दुष्काळी मुलखांतल्या शिल्पकारांनीं नद्यांना दगडांत आणून बसविलें! एकोणतिसाव्या लेण्याजवळ सीतेची न्हाणी आहे. श्रावण-भाद्रपदांत येथें धबधबा गर्जत असतो. आम्हीं पाहिली ती बारीक धार. परततांना घृष्णेश्वराचें दर्शन घेतलें आणि अहिल्याबाई होळकर यांनीं उद्धार केलेल्या शिवालय तीर्थाच्या पायऱ्या उतरून गेलों. भोसले घराण्याचें हें मूळ गांव, हें भाच्याला सांगितल्यावर त्यानें तेथील माती कपाळाला लावली.

बहीण निघण्याच्या आदल्या सायंकाळीं आम्ही मुकुंदवाडी स्टेशनापर्यंत फिरावयास गेलों. फलाटावर बांकावर बसल्यावर तिच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर मीं दिलें.

इ. स. २०१९ मध्यें पाऊस रुसला होता. तेव्हां या वस्तींतील लहान लहान मुलें शाळा आटोपून कळशा व डबे घेऊन याच फलाटावरून गाडींत चढत, औरंगाबाद स्थानकावर नळाचें पाणी भरीत आणि परत येत. जाऊन-येऊन सुमारे १४ किलोमीटर. कोणी प्रवासी डबे चढविण्यास हात देत, कोणी अडचण होते म्हणून कुरकुरत. ही हकीकत एका परदेशी वृत्तसंस्थेनें जगभर पोंचविली. शहराला पाणी येतें तें पैठणच्या नाथसागरांतून, सुमारे पन्नास किलोमीटरांवरून, यंत्रांनीं उपसून. आणि तें वाटेंत असतांना शेवटच्या वस्तीला काय उरतें, तें या मुलांच्या डब्यांनीं मोजलें होतें. ज्या नगरांत चारशें वर्षांपूर्वीं पाणी जमिनीखालून आपण होऊन चालत आलें, त्याच नगराच्या कुशींत मुलांना पाण्यासाठीं आगगाडी धरावी लागली.

बहीण बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "दादा, हें तूं पहिल्या दिवशीं सांगितलें असतेंस, तर मीं वर्तमानपत्रांतली बातमी म्हणून ऐकून सोडलें असतें."

वाचकांस सुचवावयाचें तें एवढेंच. आश्विनापासून माघापर्यंतचे दिवस या सहलींना उत्तम. मुलांना अवश्य न्यावें, सनावळ्या घोकून घेऊं नयेत, प्रत्येक स्थळीं "येथें पाणी कोठून येई?" एवढेंच विचारूं द्यावें. प्यावयाचें पाणी घरूनच न्यावें, आणि उरलेलें ओतून देऊं नये.

आमच्या भाच्यानें निघतांना बाटलींतलें उरलेलें पाणी अंगणांतल्या तुळशीला घातलें. त्याला तसें करावयास कोणी सांगितलें नव्हतें.