फिल्टर ‘ओरिजिनल’ होता म्हणे!

सकाळी घरची गाडी सुरू करताना तुम्ही कधी कान देऊन ऐकलंय? म्हणजे ब्लूटूथ जोडून गाणी लावायच्या आधी? पुढच्या वेळी ऐका. आमची गाडी गेले तीन महिने सुरू होताना खडखडत होती. पत्र्याच्या डब्यात खिळे घालून हलवावेत तसा आवाज. मोजून तीन सेकंद, मग गप्प. दिवसभर पुन्हा काही नाही. बाबांचं मत, ‘वय झालंय तिचं.’ गाडी बारा वर्षांची, मी बावीसची आणि सकाळी उठताना कुरकुर मीही करते, त्यामुळे मला ते पटलंही होतं.

पण आम्हा पाच जणांचं ताम्हिणीला जायचं ठरलं आणि गाडी आमची न्यायची होती. आईने अट घातली, ‘आधी गाडी दाखवून आण.’ तिचं बरोबर होतं. आजीला दर बुधवारी फिजिओथेरपीला हीच गाडी नेते. उद्या इंजिनचं काम निघालं तर ताम्हिणी राहू दे, आजीचा बुधवार अडेल.

गल्लीतल्या गॅरेजवाल्या काकांनी बॉनेट उघडलं, डिपस्टिक ओढून तेल पाहिलं. तेल पुरेसं होतं. मग खाली वाकून हात घातला आणि विचारलं, ‘फिल्टर कुठून टाकलाय?’ तीन महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग झालं होतं. बाबांनी ते बिल काढलं. त्यावर लिहिलं होतं, ‘ऑइल फिल्टर, १ नग’. कंपनीचं नाव नाही, पार्ट नंबर नाही. ‘ओरिजिनल आहे म्हणाले होते,’ बाबा म्हणाले. काका काही बोलले नाहीत. त्यांनी फिल्टर फिरवून काढला, नवा बसवला, कमी झालं तेवढंच तेल वर भरलं. बाकी तेल तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज नव्हता. तिसऱ्या दिवशीही नव्हता.

तो काढलेला फिल्टर मी मागून घेतला. घरात तेलाचा वास पसरवल्याबद्दल आईची बोलणीही खाल्ली.

आता हा फिल्टर करतो काय? इंजिनातल्या तेलात काजळी जमते, धूळ शिरते, घासलेल्या धातूचे कण मिसळतात. पंप ते तेल ढकलतो, ते फिल्टरमधून गाळून बेअरिंगकडे जातं आणि पुन्हा खालच्या चेंबरमध्ये येतं. दिवसभर हीच फेरी. १९२३मध्ये अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलंड आणि जॉर्ज ग्रीनहाल्घ यांनी गाडीसाठी असा फिल्टर काढला, तेव्हा त्याला ‘प्युरोलेटर’ नाव दिलं. ‘प्युअर ऑइल लेटर’ या शब्दांची ती जोडणी. शंभर वर्षं झाली तरी मूळ कल्पना तीच आहे, चहाच्या गाळणीचीच म्हणा ना.

पण डब्यात फक्त गाळणी नसते. दोन झडपाही असतात आणि आमची खडखड त्यातल्या एकीची. गाडी बंद झाली की फिल्टरमधलं तेल मागे ओघळून जाऊ नये म्हणून आत रबराची एक लवचिक चकती असते. ती तेलाला आत अडवून ठेवते. ही चकती कडक झाली किंवा नीट टेकली नाही, तर रात्रभरात फिल्टर रिकामा होतो. सकाळी पंपाला आधी तो भरावा लागतो आणि तेवढे दोन-तीन सेकंद वरच्या भागांना पुरेसं तेल मिळत नाही. काकांनी लगेच बजावलं, ‘प्रत्येक खडखड फिल्टरची नसते हां. तेल कमी असेल, चुकीच्या ग्रेडचं असेल, टायमिंग चेन सैल असेल, तरी आवाज येतो.’ आमच्याकडे फक्त फिल्टर बदलला आणि आवाज गेला, म्हणून संशय तिथेच जातो.

दुसरी झडप जास्त महत्त्वाची आहे आणि तिच्यामुळेच सगळा घोळ होतो. कॉलेजच्या फेस्टला गेटवर आयकार्ड तपासतात ना? रांग फार वाढली की वॉचमन वैतागून बाजूचं गेट उघडतो आणि सगळेच आत घुसतात. बायपास व्हॉल्व्ह नेमकं हेच करतो. फिल्टर तुंबला, किंवा थंडीत तेल घट्ट झालं की दाब वाढतो, झडप उघडते आणि तेल न गाळताच पुढे जातं. हे मुद्दाम केलेलं आहे. इंजिनाला तेलच न मिळण्यापेक्षा घाण तेल मिळालेलं बरं. पण याचा अर्थ काय झाला? फिल्टर निकामी असला तरी गाडी तक्रार करत नाही. दिवा लागत नाही, पिकअप जात नाही. बेअरिंग घासत राहतात आणि तुम्हाला ते हजारो किलोमीटरनंतर कळतं. तोवर फिल्टर कुणी टाकला होता, हे कुणाच्या लक्षात राहतंय?

आम्हाला रबराच्या चकतीमुळे निदान आवाज तरी आला. ते नशीबच.

मग चांगला फिल्टर ओळखायचा कसा? हा प्रश्न घेऊन मी नाना पेठेत गेले. पुण्यात गाडीचा पार्ट हवा म्हटलं की पावलं तिकडेच वळतात. आमच्या गाडीला बसणारे दोन फिल्टर घेतले, एक नावाजलेल्या कंपनीचा आणि एक सगळ्यात स्वस्त. दोघांच्या किमतीत फरक इतका, की कँटीनमध्ये दोन चहा आणि एक वडापाव होईल. काउंटरवर मला तीन सल्ले फुकट मिळाले. ‘वजन बघा’, ‘पत्रा दाबून बघा’, ‘घड्या मोजा’. खरं सांगू? तिन्ही अर्धवट आहेत. वजन जाड पत्र्यामुळेही वाढतं आणि पत्रा काही गाळत नाही. जास्त घड्या म्हणजे जास्त कागद हे खरं, पण घड्या एकमेकींना चिकटल्या असतील तर तेलाला मधून वाट कुठे?

शेवटी काकांच्या गॅरेजमध्ये तिन्ही फिल्टर कापले. (फिल्टर कापायचं वेगळं कटर मिळतं. करवतीने कापलं तर लोखंडाचा कीस आत पडतो आणि मग तो इंजिनाचाच समजून माणूस घाबरतो. आम्ही करवत वापरली आणि मी घाबरले.)

कंपनीच्या फिल्टरमधला कागद साडीच्या निऱ्यांसारखा, एकसारख्या अंतरावर. दोन्ही टोकांना डिंक नीट भरलेला. स्वस्तातल्या फिल्टरमध्ये निऱ्या एका बाजूला गोळा झालेल्या आणि कागद जिथे टोपणाला चिकटायला हवा तिथे एका जागी फट. मोबाइलचा टॉर्च लावला तर उजेड आरपार. गाळणीला भोक असेल तर चहापत्ती कपात येणारच, हे सांगायला इंजिनीअरिंगची डिग्री लागत नाही. आमच्या गाडीतून निघालेल्या तिसऱ्याचा कागद बरा होता, पण रबराची चकती बोटाने वाकवली तर वाकेना. तीन महिन्यांत!

दोन गोष्टींनी मात्र फसू नका. टोपण पुठ्ठ्याचं दिसलं म्हणून फिल्टर भिकार ठरत नाही, नावाजलेल्या कंपन्याही दाबलेल्या तंतूंची टोपणं वापरतात. आणि आत बायपास व्हॉल्व्ह सापडला नाही तर लगेच ‘झोल’ म्हणून ओरडू नका, काही गाड्यांमध्ये तो इंजिनातच बसवलेला असतो.

कापून पाहिल्यावर बांधणी कळते. गाळण्याची ताकद मात्र कळत नाही. इथे मायक्रॉन येतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा. इंजिनाला झिजवणारे कण त्याहून कितीतरी बारीक, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे. कागद कितीही उजेडात धरा, तो काय अडवेल हे सांगता येणार नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतली चाचणी लागते. ‘आयएसओ ४५४८-१२’ ही त्यासाठीची आंतरराष्ट्रीय पद्धत. तेलात मोजून धूळ मिसळतात, ते फिल्टरमधून पुन्हा पुन्हा फिरवतात आणि आधी किती कण होते, नंतर किती उरले, हे मोजतात.

म्हणून नुसतं ‘२० मायक्रॉन’ लिहिलेलं असेल तर विचारा, किती टक्के? २० मायक्रॉनचे ५० टक्के कण अडवणारा फिल्टर आणि ९९ टक्के अडवणारा फिल्टर, दोघांवरही ‘२० मायक्रॉन’ छापता येतं. हजार कण आले तर एका फेरीत पहिल्यातून ५०० सुटतात, दुसऱ्यातून १०. तेल सारखं फिरत असतं, त्यामुळे पहिलाही हळूहळू बरेच कण पकडतो, पण तोवर सुटलेले कण बेअरिंगमधून जाऊन येतात. शिवाय ही आयएसओची पद्धत मोजायची आहे, पास-नापास ठरवायची नाही. ‘चाचणी केली’ एवढ्यावर खूश होऊ नका, निकाल बघा. मी नाना पेठेत हातात घेतलेल्या एकाही खोक्यावर तो नव्हता. काही कंपन्या कॅटलॉगमध्ये देतात, तिथे शोधावा लागतो. आणि सगळ्यात बारीक गाळणारा तोच सगळ्यात चांगला, असंही नाही. बारीक गाळायचं, भरपूर घाण साठवायची आणि तेल सहज जाऊ द्यायचं, या तिन्ही गोष्टी एकमेकींना अडवतात. सबमिशन, झोप आणि सोशल लाइफचं जसं असतं तसंच.

मग आमचा तिसरा फिल्टर ‘डुप्लिकेट’ होता का? इथे एक फरक समजून घ्या. स्वतःच्या नावाने स्वस्त माल विकणं म्हणजे ‘लोकल’, तो वाईट असू शकतो, पण बेकायदा नाही. दुसऱ्याचं नाव छापून विकणं हा गुन्हा आहे. ट्रेडमार्क कायदा, १९९९ मध्ये त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड आहे. आमच्या फिल्टरवर नामांकित कंपनीचं नाव होतं, पण छपाई फिसकटलेली आणि बॅच नंबरचा पत्ता नाही. काकांना खात्री आहे. माझ्याकडे पुरावा नाही.

बाबा त्या आधीच्या गॅरेजमध्ये गेले होते. ते म्हणाले, ‘साहेब, आम्ही ओरिजिनलच टाकतो. हा तुम्ही बाहेरून आणला नसेल कशावरून?’ बरोबरच आहे. बिलावर ‘१ नग’ एवढंच. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर मी लावायला निघाले होते, पण तक्रारीत लिहिणार काय? बाबा घरी येऊन बराच वेळ ते बिल उलटंपालटं करून बघत होते. मला त्या गॅरेजपेक्षा त्याचाच जास्त राग आला.

तेव्हा तुमच्या घरच्या गाडीचं सर्व्हिसिंग असेल तेव्हा, बाबांना ऑफिस असतं, तुम्ही जा. गाडीच्या मॅन्युअलमधून किंवा कंपनीच्या कॅटलॉगमधून पार्ट नंबर आधीच काढून ठेवा, दिसायला सारखा फिल्टर बसला तरी आतल्या झडपा वेगळ्या असू शकतात. खोकं तुमच्यासमोर उघडायला लावा. नंबर आणि कंपनी बिलावर लिहून घ्या. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, ते बघा. तिच्यावर नवी बसली तर गाडी सुरू होताच तेलाची धार लागते. नवीन रिंगला तेलाचं बोट लावून फिल्टर हाताने आवळतात, पान्याने पिळत नाहीत. आणि रिकामं खोकं फाडून टाका, नाहीतर त्यात उद्या दुसराच कुणीतरी विराजमान व्हायचा. मेकॅनिक दादा जरा वैतागतील, वैतागू देत.

ताम्हिणीला आम्ही गेलो. गाडी एकदाही खडखडली नाही. मागच्या सीटवर मध्ये बसलेला मित्र मात्र जाताना आणि येताना कुरकुरत होता. त्याला बसणारा फिल्टर नाना पेठेतही मिळाला नाही.